टेकट्रॉनिक्स 465 दुरुस्तीसाठी उघडताना: क्रम कोणता, आणि थांबायचं कुठे

जुना ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) मूळ बिघाडाने कायमचा जातो असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा तो उघडणाऱ्याच्या हातून जातो. आत एखादा टँटलम कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) शॉर्ट झालेला असतो, एवढंच. पण तो शोधण्याच्या नादात नॉब ओढून शाफ्ट वाकते, कॅम स्विचचे (रेंज बदलणाऱ्या फिरत्या स्विचचे) कॉन्टॅक्ट दबतात, कनेक्टर एक पिन सरकून बसतो, आणि एका दोषाचे पाच होतात. मग त्याच्यावर "याचं काही होणार नाही" असा शिक्का बसतो.

हा लेख टेकट्रॉनिक्स 465 डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. 1972 साली आलेला, 100 मेगाहर्ट्झचा, दोन चॅनलचा हा स्कोप जुन्या मालात अजून सापडतो, आणि तो दुरुस्त होण्यासाठीच बांधलेला आहे. इतर मॉडेलांना क्रम हाच लागू होतो, आकडे मात्र बदलतात.

एक अट आधीच सांगतो. यात पिक्चर ट्यूबच्या कॅथोडला उणे 2450 व्होल्ट असतात आणि अॅनोडला साधारण 15 हजार व्होल्ट. ट्रान्झिस्टर रेडिओ किंवा अॅम्प्लिफायर दुरुस्त केले आहेत एवढ्या भांडवलावर पहिल्यांदा हाय व्होल्टेजला हात घालणार असाल, तर टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर काम केलेला जुना मेकॅनिक शेजारी बसवा.

## पायरी 1: स्क्रूला हात लावण्याआधी

पाटीवरचं मॉडेल नीट वाचा. 465, 465बी आणि 465एम ही नावं सारखी दिसतात, आतून मात्र ही वेगवेगळी यंत्रं आहेत. 465एमचं सर्व्हिस मॅन्युअल घेऊन 465 उघडलात तर पहिल्या पाच मिनिटांत हरवाल. सीरियल नंबरही लिहून घ्या. एकाच मॉडेलमध्ये कंपनीने वेळोवेळी भाग बदललेले आहेत, आणि कोणता बदल कोणत्या नंबरापासून झाला ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. स्कॅन केलेली मॅन्युअल नेटवर मिळतात. सर्किट डायग्रामची पानं मोठ्या कागदावर छापून घ्या, मोबाइलच्या पडद्यावर बघून हे काम होत नाही.

आता मागची बाजू. अमेरिकेहून आलेला स्कोप असेल तर व्होल्टेज सिलेक्टर 115 वर असण्याची दाट शक्यता आहे. तो 230 वर आहे ना, बघा. त्याच्याजवळच रेग्युलेटिंग रेंजची पट्टीही असते. ती तुमच्याकडे प्रत्यक्ष येणाऱ्या व्होल्टेजला जुळणारी हवी. फ्यूज मागच्या पॅनेलवर छापलेल्या आकड्याचाच हवा, कारण 115 साठीचा फ्यूज 230 वर दुप्पट क्षमतेचा ठरतो.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. अमेरिकन प्लगला आपला अडॅप्टर लावला की बऱ्याच अडॅप्टरमध्ये अर्थ पुढे जातच नाही. मल्टिमीटरने भिंतीकडच्या प्लगची अर्थ पिन आणि स्कोपचं उघडं धातूचं अंग यांत कंटिन्युइटी तपासा. काही जण मुद्दाम तिसरी पिन कापून स्कोप "फ्लोट" करतात, म्हणजे अर्थपासून तोडतात. तसा स्कोप हातात आला असेल तर आधी केबल बदला, बाकीचं नंतर.

मग बाहेरून लक्षणं नोंदवा. ट्रेस, म्हणजे पडद्यावरची रेघ, दिसत नसेल तर इंटेन्सिटी मध्यावर, दोन्ही पोझिशन नॉब मध्यावर आणि ट्रिगर मोड ऑटोवर आणा. टाइम/डिव्ह चुकून एक्स-वायवर तर नाही ना, तेही बघा. नंतर बीम फाइंडर (पडद्याबाहेर गेलेली रेघ आत आणून दाखवणारं बटण) दाबा. ट्रिगर सिग्नलशिवाय रेघ न दाखवणाऱ्या "नॉर्म"वर राहिला म्हणून अख्खा स्कोप उघडून बसलेली माणसं आहेत.

तपासा: बरीच वर्षं बंद असलेला स्कोप थेट मेनवर लावू नका. 100 वॅटच्या साध्या तारेच्या बल्बचा सिरीज बोर्ड (मेन आणि स्कोप यांच्यामध्ये बल्ब जोडलेला बोर्ड) वापरा, एलईडी बल्ब चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. तो पूर्ण तेजाने पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, प्रायमरीकडे, रेक्टिफायरमध्ये किंवा मोठ्या कपॅसिटरमध्ये शॉर्ट आहे. सिरीज बोर्डवर असताना आतले सप्लाय मोजून निष्कर्ष काढू नका. बल्बमुळे व्होल्टेज इतकं पडतं की निरोगी रेग्युलेटरही कमीच दाखवतात.

ही युक्ती 465 ला चालते, कारण त्याचा पॉवर सप्लाय साधा ट्रान्सफॉर्मरचा आहे. पुढच्या 2213, 2465 वगैरे मॉडेलांमध्ये स्विचिंग सप्लाय आहे. तिथे बल्ब फसवतो, शिवाय आतला काही भाग थेट मेनशी जोडलेला असतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर ती मॉडेलं उघडी ठेवून चालू करू नका.

## पायरी 2: हत्यारं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. टेकट्रॉनिक्सचे बरेच स्क्रू पॉझिड्राइव्ह डोक्याचे आहेत. ते दिसतात आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखेच, पण फुलीच्या चार हातांच्या मधल्या जागांत चार बारीक रेघा असतात. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की घसरून खाच खातो. पॉझिड्राइव्हचे 1 आणि 2 नंबर घ्या.

नॉबच्या स्क्रूंना इंचातल्या अॅलन की लागतात: मोठ्या नॉबना 1/16 इंच, छोट्यांना 0.050 इंच. इथे 1.5 मिलिमीटरची की "जवळपास बसते", आणि हे जवळपास बसणंच घात करतं. 1/16 इंच म्हणजे 1.59 मिलिमीटर. वर्षानुवर्षं घट्ट बसलेला स्क्रू असेल तर तेवढ्या फरकाने त्याची आतली धार गोल होते, आणि मग ड्रिल करण्यावाचून मार्ग उरत नाही. इंचातल्या किया पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा. नाही मिळाल्या तर ऑनलाइन मागवा, पण त्या येईपर्यंत नॉबना हात लावू नका.

याशिवाय नोज प्लायर, चांगला मल्टिमीटर, शक्य असेल तर हाय व्होल्टेज प्रोब, आणि दुसरा चालू स्कोप. डिस्चार्जसाठी (साठलेला चार्ज काढून टाकायला) 1 किलोओहम 10 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर, इन्सुलेटेड क्लिपा लावून. अॅनोडसाठी हाय व्होल्टेज रेटिंगचा मेगओहममधला रेझिस्टर वेगळा घ्या. पाव वॅटचा साधा रेझिस्टर 15 हजार व्होल्टला उपयोगाचा नाही, ठिणगी त्याच्या अंगावरून उडी मारून जाते. डोळ्यांना गॉगल लावा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा.

## पायरी 3: कव्हर काढणं

वायर प्लगमधून काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही.

1. पुढचं प्लास्टिकचं झाकण असेल तर ते लावा. नसेल तर जाड फोमला नॉबच्या जागी खाचा पाडून त्यावर स्कोप तोंड खाली करून उभा ठेवा. यंत्र दहा किलोच्या वर आहे, तो भार नॉबवर आला तर शाफ्ट वाकतात.
2. मागच्या पायांना गुंडाळलेली मेनची वायर सोडवा.
3. मागच्या पायांचे आणि कव्हरचे स्क्रू काढा. कोणता कुठला, हे लगेच नोंदवा.
4. कव्हर सरळ वर उचला. ते एकसंध असतं, तिरकं झालं की कडा आतल्या वायरवर घासते.

अडलं तर ओढू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो.

## पायरी 4: आधी बघा, मग मोजा, काहीही उपटू नका

कव्हर निघालं की हात शिवशिवतात. थांबा. बोर्ड जागेवर आणि सगळे कनेक्टर लागलेले असतानाच बिघाड शोधणं सर्वांत सोपं असतं. एकदा सुटं केलंत की मोजायला काही उरत नाही.

बॅटरीच्या उजेडात सावकाश बघा: जळलेला रेझिस्टर, तडा गेलेला किंवा काळा पडलेला टँटलम, मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी ओल, आधीच्या कारागिराचं सोल्डरिंग. कोकणपट्टीत किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या स्कोपमध्ये हाय व्होल्टेजच्या भागावर ओलसर धूळ आणि बुरशी असते. ती मऊ ब्रशने साफ करून यंत्र पूर्ण वाळवल्याशिवाय चालू करू नका, त्या थरातून करंट गळतो.

मग पॉवर न देता सप्लायच्या टेस्ट पॉइंटपासून चॅसिसपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) रेझिस्टन्स मोजा. 465 मध्ये पाच मुख्य सप्लाय आहेत: +110, +55, +15, +5 आणि -8 व्होल्ट. एखादा दोन-चार ओहम दाखवत असेल तर त्या लाइनवरचा टँटलम शॉर्ट आहे असं धरून चाला. या स्कोपचा हा ठरलेला आजार आहे. पाचांतला कोणताही शॉर्ट दिसत नसेल तर चालू करून व्होल्टेज मोजा. एक हात खिशात, मीटरची काळी वायर चॅसिसला क्लिपने लावलेली, आणि फक्त लाल प्रोब हातात. सुरुवात +55 पासून करा, कारण बाकीचे सप्लाय त्याचा आधार घेतात. तोच चुकला असेल तर इतरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. व्होल्टेज बरोबर आले तरी दुसऱ्या स्कोपवर रिपल (डीसीवर उरलेली लहर) बघा. वाळलेला फिल्टर कपॅसिटर मल्टिमीटरला दिसत नाही.

शॉर्ट टँटलम शोधायला एकेक कपॅसिटर काढत बसू नका. एका लाइनवर ते बरेच असतात, आणि प्रत्येक वेळी सोल्डर काढताना बोर्डावरची पट्टी उचलली जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा पॉवर बंद ठेवून, करंट मर्यादित केलेला बेंच सप्लाय त्या लाइनला लावा. व्होल्टेज अगदी कमी, करंट अर्धा अँपियर. मग मिलिव्होल्टवर मीटर ठेवून बोर्डावर फिरा. जिथे व्होल्टेज सर्वांत कमी, तिथे शॉर्ट. पुष्कळदा तो कपॅसिटर बोटालाही कोमट लागतो. बदलताना ध्रुव तपासा आणि जास्त व्होल्टेज रेटिंगचा घाला.

इशारा: बोर्डावरचे प्रीसेट (बारीक सेटिंगचे छोटे स्क्रू) फिरवू नका. "जरा फिरवून बघू" ही टीव्ही दुरुस्तीतली सवय इथे महाग पडते. +55 किंवा -2450 ची सेटिंग हलली की व्हर्टिकल गेन, टाइमबेस आणि फोकस हे सगळं कॅलिब्रेशन एकदम सरकतं.

दोष इथेच सापडला, बोर्ड न काढता भाग बदलता आला, तर पायरी 8 वर जा. मधल्या पायऱ्या करण्यात काही शान नाही.

## पायरी 5: डिस्चार्ज

प्लग काढा आणि काही मिनिटं थांबा. मग मोठ्या फिल्टर कपॅसिटरवर 1 किलोओहमचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद टेकवा आणि मीटरने शून्य आहे याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करण्याची पद्धत सोडा. ठिणगीने कपॅसिटर, क्वचित शेजारचा सेमीकंडक्टरही जातो.

पिक्चर ट्यूबच्या अॅनोडचं प्रकरण वेगळं आहे. मल्टिप्लायरकडून (व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडून) येणारी जाड वायर प्लगने जोडलेली असते. प्लग सोडवल्यावर ट्यूबकडचं टोक आणि मल्टिप्लायरकडचं टोक दोन्ही भारित असू शकतात. दोन्ही टोकं आधी हाय व्होल्टेज रेझिस्टरमधून आणि नंतर थेट चॅसिसला टेकवा. मग प्लग पुन्हा जोडा, पुन्हा सोडवा, पुन्हा टेकवा. हे काही वेळा करा. एकदा शून्य केल्यावर ट्यूबमध्ये हळूहळू पुन्हा चार्ज वर येतो, म्हणून हा खटाटोप. झटका स्वतः बहुधा जीवघेणा नसला तरी हात आपोआप मागे झटकला जातो, आणि मागे कधी चॅसिसची धार असते, कधी ट्यूबची मान.

## पायरी 6: नॉब, कनेक्टर, बोर्ड

फोटो काढा: आधी पूर्ण दृश्य, मग प्रत्येक कनेक्टर जवळून. फोटोत कनेक्टरच्या वायरींचे रंग आणि बोर्डावरचा नंबर दोन्ही आले पाहिजेत, नाहीतर तो फोटो कामाचा नाही.

नॉब. आधी सगळे व्हेरिएबल नॉब कॅलिब्रेटेड खटक्यावर आणा, टाइम/डिव्ह 1 मिलिसेकंदावर, व्होल्ट/डिव्ह दोन्ही एकाच ठरलेल्या जागी, आणि समोरून फोटो घ्या. एकात एक बसलेल्या नॉबमध्ये आतला छोटा आधी, बाहेरचा नंतर. स्क्रू पूर्ण बाहेर काढायची गरज नाही, नॉब हलेपर्यंत सैल केला की झालं. एका नॉबला दोन स्क्रूही असू शकतात. एक सैल करून नॉब निघत नसेल तर ओढायच्या आधी तो फिरवून दुसरा शोधा.

कनेक्टर. छोट्या चौकोनी पिनांवर बसणाऱ्या काळ्या प्लास्टिकच्या कनेक्टरवर एक बारीक त्रिकोण असतो आणि बोर्डावरही तसाच त्रिकोण छापलेला असतो. त्रिकोणाला त्रिकोण जुळवायचा. हे माहीत नसल्यानेच कनेक्टर उलटे बसतात. ओढताना प्लास्टिक धरा, वायर नव्हे. प्लास्टिक जुनं असतं, दोन्ही टोकांना थोडं थोडं उचलत काढा.

ट्रान्झिस्टर. बरेच ट्रान्झिस्टर आणि आयसी सॉकेटमध्ये असतात. "काढून बसवले की चालू होतं" हे कधी कधी खरं असतं, पण सगळे एकदम काढू नका. एक काढा, तपासा, त्याच सॉकेटमध्ये तसाच बसवा, मग पुढचा. पॉवर ट्रान्झिस्टर काढलात तर त्याखालचा अभ्रकाचा तुकडा जपा, आणि परत लावताना उष्णतावाहक पेस्ट लावायला विसरू नका. बसवल्यावर ट्रान्झिस्टरचं अंग आणि चॅसिस यांत शॉर्ट नाही हे मोजा.

कॅम स्विच. व्होल्ट/डिव्ह आणि टाइम/डिव्हच्या मागे दंडगोल फिरतो आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पट्ट्या उचलतो, खाली सोडतो. पट्ट्या इतक्या नाजूक की कापसाचा एक धागा अडकला तरी वाकतात. म्हणून इअरबड नको. जाड कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, नॉब फिरवून धातूची पट्टी कागदावर मिटेल अशी जागा शोधा, आणि कागद अलगद ओढून घ्या. कागदावर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबली की काम झालं. थिनर, अॅसिटोन आणि तेलकट कॉन्टॅक्ट स्प्रे यांपैकी काहीही वापरू नका, अटेन्युएटरचं (सिग्नल लहान करणाऱ्या भागाचं) प्लास्टिक आणि बोर्ड त्याने खराब होतात. हाताचा घामही नको, बोर्ड कडेने धरा.

## पायरी 7: पिक्चर ट्यूब, शक्यतो नकोच

ट्यूब काढायची कारणं मोजकी: ती फुटली आहे, किंवा तिच्यामागचा भाग दुसऱ्या कोणत्याही वाटेने निघत नाही. समोरची धूळ पुसायची असेल तर बेझल (पडद्याभोवतीची चौकट) आणि निळं फिल्टर काढलं की पुरतं.

काढायचीच असेल तर पायरी 5 पुन्हा करा. मागचं सॉकेट सरळ ओढा. मानेच्या बाजूंना डिफ्लेक्शन प्लेटच्या पिना काचेतूनच बाहेर आलेल्या असतात. त्यांवरच्या वायरी नोज प्लायरने पिनेच्या रेषेत काढा. पिन किंचित वाकली की काचेला केसाएवढा तडा जातो, निर्वात संपतो, आणि स्कोपही संपतो. मग क्लँप सैल करून ट्यूब पुढून बाहेर घ्या. मानेला धरून उचलू नका. मऊ कापडावर ठेवा, टेबलावर त्या वेळी हत्यार नको.

## पायरी 8: परत जोडणी

काढण्याच्या उलट क्रमाने जा, पण कव्हर शेवटपर्यंत लावू नका. प्रत्येक बोर्ड बसला की पाचही सप्लायचा चॅसिसपर्यंतचा रेझिस्टन्स पुन्हा मोजा आणि पायरी 4 मधल्या आकड्यांशी ताडून बघा. एखादी वायर स्क्रूखाली दबली असेल तर इथेच कळते, धूर निघाल्यावर नाही. हाय व्होल्टेजचं झाकण जागेवर आलं का, अॅनोडचा प्लग पूर्ण आत गेला का, बघा. अर्धवट बसलेल्या प्लगमधून बारीक सूं-सूं आवाज येतो आणि ओझोनचा वास सुटतो.

सिरीज बोर्डवर चालू करा, ठीक वाटलं तर थेट मेनवर. सप्लाय मोजा. वीस-तीस मिनिटं तापू द्या.

आता पुढच्या पॅनेलवरच्या कॅलिब्रेटरचा सिग्नल घ्या. 465 तिथे 1 किलोहर्ट्झ, 300 मिलिव्होल्ट देतो. 10एक्स (सिग्नल दहापट कमी करणाऱ्या) प्रोबने 5 मिलिव्होल्ट/डिव्हवर उंची सहा घरं भरली पाहिजे (प्रोब ओळख पिनवाला असेल तर तो ओळखून स्कोप स्वतःच 50 मिलिव्होल्टचा आकडा उजळवतो), आणि 0.2 मिलिसेकंद/डिव्हवर एक पूर्ण लाट पाच घरांत बसली पाहिजे. दोन्ही चॅनलवर बघा. ट्यूब काढली असेल तर रेघ तिरकी दिसेल, ती ट्रेस रोटेशनने सरळ करा. उंची थोडी कमी-जास्त असेल तर प्रोबचं कॉम्पेन्सेशन (प्रोबवरचं जुळवणीचं सेटिंग) आणि व्हेरिएबल नॉबचा खटका आधी तपासा. प्रीसेटकडे त्यानंतर वळा, आणि तेही मॅन्युअलमधला कॅलिब्रेशनचा क्रम समोर ठेवून, पहिल्या ओळीपासून.